वांटून घेतलेलें नगर : ओल्झाकांठचें चेशिन

एकत्र कुटुंबाच्या वांटणीचे प्रसंग आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं पाहिलेले, किंवा निदान वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेले असतील. पंच बसतात, भांडीं मोजलीं जातात, माजघरांतून भिंत जाते, देवघर एकाकडे राहतें आणि परसूं दुसऱ्याकडे जातें. अशा वेळीं एक गोष्ट मात्र सहसा कोणी तोडीत नाहीं. ती म्हणजे विहीर. तिचें पाणी सर्वांनीं पाळीपाळीनें भरावें असें कागदांत लिहून ठेवितात. परंतु वांटणी करणारे पंच घरचे नसून शेंकडों कोस दूर बसलेले परके असले, आणि वांटावयाचें तें घर नसून एक सबंध शहर असलें, तर काय होतें? पोलंड व चेक प्रजासत्ताक यांच्या सीमेवर चेशिन नांवाचें एक लहानसें नगर आहे. १९२० सालीं त्याच्यावर हा प्रसंग आला. पोलंड म्हटलें कीं वॉर्सा, क्राकोव्ह हीं मोठीं नांवें डोळ्यांपुढें येतात. चेशिनचें नांव आपल्याकडे फारसें कोणाच्या कानावरून गेलें नसेल. तथापि त्या नगराची हकीकत घरांतील थोरामोठ्यांनीं आणि मुलांनीं मिळून वाचावी अशी आहे असें वाटल्यावरून ती आम्ही येथें देत आहों.

प्रथम नगराची जागा नीट ध्यानांत घेतली पाहिजे, कारण त्याचा पुढील सारा इतिहास त्या जागेनेंच घडविला आहे. पोलंडच्या दक्षिणेस कार्पेथियन पर्वताची लांबलचक रांग पसरलेली आहे. तिच्या पश्चिम भागांत बेस्किड नांवाचे डोंगर आहेत. ते फार उंच नाहींत. त्यांतील बारान्या गुरा या शिखराची उंची १,२२० मीटर आहे. परंतु पोलंडची गंगाच म्हणावी अशी जी व्हिश्चुला नदी, क्राकोव्ह व वॉर्सा या जुन्या-नव्या दोन्ही राजधान्यांवरून वाहत जाऊन जी बाल्टिक समुद्रास मिळते, तिचा उगम याच शिखराच्या उतारावर आहे. त्याच डोंगरांत, तेथून जवळच, ओल्झा नांवाची दुसरी एक नदी उगम पावते. ती मात्र व्हिश्चुलेची वाट न धरतां आधीं नैर्ऋत्येकडे उतरते, मग वळण घेऊन वायव्येकडे वाहूं लागते आणि शेवटीं ओडर नदीस मिळते. या ओल्झेच्या उजव्या कांठावर, डोंगर संपून सखल प्रदेश सुरू होतो त्या ठिकाणीं, पाण्याच्या अगदीं कडेला एक टेकडी आहे. टेकडीवर किल्ला आणि तिच्या पाठीशीं उंचवट्यावर वसलेलें गांव, हेंच जुनें चेशिन. ओल्झा ही कांहीं मोठी नदी नव्हे. एरव्हीं तिच्या पात्रांत दगडगोटे उघडे दिसतात, आणि डोंगरांत पाऊस कोसळला कीं ती एकाएकीं फुगते. अशा नदीला एके दिवशीं दोन राष्ट्रांची सीमा व्हावें लागेल असें तिच्याकडे पाहून कोणासही वाटलें नसतें.

ओल्झेच्या खोऱ्यांतून दक्षिणेस चढत गेलें म्हणजे याब्लुंकोव्हची खिंड लागते. तिची उंची अवघी ५५३ मीटर असल्यामुळें मालाच्या गाड्यांना ती ओलांडणें फारसें जड जात नसे. खिंडीपलीकडे त्या काळचें हंगेरीचें राज्य होतें. पश्चिमेस सुडेटन आणि कार्पेथियन या दोन पर्वतांमधील सखल पट्टा आहे. त्याला मोराव्हियाचें द्वार म्हणतात, आणि डॅन्यूबच्या खोऱ्यांतून उत्तरेकडे जाणारे लोक प्राचीन काळापासून या वाटेनें गेले आहेत. हंगेरीहून सायलेशियाकडे जाणारा रस्ता आणि मोराव्हियाहून क्राकोव्हकडे जाणारा रस्ता असे दोन्ही रस्ते चेशिनपाशीं एकत्र येत. तांबें, द्राक्षासव, मीठ, कापड असा माल येथून जाई, आणि ज्याच्या ताब्यांत ही टेकडी असे त्याला जकात मिळे. मालाच्या पाठोपाठ अर्थात् सैन्येंही येत. रस्त्यावरच्या गांवाला तें चुकत नाहीं.

गांवाच्या जन्माची जी कथा तेथील मुलांना सांगतात ती मोठी गोड आहे. बोल्को, लेश्को आणि चेश्को असे तीन राजपुत्र, सख्खे भाऊ, फार वर्षें एकमेकांपासून दुरावले होते. भटकतां भटकतां तिघेही इ. स. ८१० मध्यें एका झऱ्यापाशीं अवचित भेटले. भेटीच्या आनंदानें त्यांनीं त्या जागीं गांव वसविलें, आणि आनंदित होणें या अर्थाच्या पोलिश क्रियापदावरून त्याचें नांव चेशिन ठेविलें. ती विहीर गांवांत अद्याप दाखवितात; तिच्यावर लोखंडी नक्षीदार मंडप उभारलेला आहे आणि शेजारच्या रस्त्याला तीन भावांचाच रस्ता म्हणतात. इतिहासकार या कथेला अर्थात् मान देत नाहींत. त्यांच्या उत्खननांत असें दिसतें कीं, या प्रदेशांतील स्लाव्ह लोकांचा जुना कोट नदीच्या खालच्या अंगास, डाव्या कांठावर, पोदोबोरा येथें होता, आणि पुढें वस्तीचें केंद्र चेशिनच्या टेकडीवर आलें. म्हणजे गांवाचा पूर्वज आज चेक हद्दींत आणि वंशज पोलिश हद्दींत आहे!

टेकडीवरील सर्वांत जुनी वास्तु म्हणजे संत निकोलसचें वाटोळें दगडी चर्च. तें अकराव्या शतकाच्या सुमाराचें असावें असें मानतात. आकारानें तें एखाद्या घुमटीएवढेंच वाटतें, भिंती मात्र जाड्याजाड्या आहेत. पोलंडच्या २० झ्लोटींच्या नोटेवर ज्या वाटोळ्या इमारतीचें चित्र आहे ती हीच; त्यामुळें चेशिन न पाहिलेल्या पोलिश माणसाच्या खिशांतसुद्धां चेशिनचा हा तुकडा असतो. लेखी कागदपत्रांत गांवाचें नांव प्रथम ११५५ सालीं आढळतें. चर्चच्या शेजारीं चौदाव्या शतकांतील प्यास्त राजांचा बुरूज उभा आहे. त्याच्या माथ्यावरून आज एका नजरेंत दोन देश दिसतात.

प्यास्त हें पोलंडचें पहिलें राजघराणें. त्याच्या एका शाखेनें १२९० पासून चेशिन येथें आपली स्वतंत्र जहागीर चालविली. परंतु लहान राजाला मोठा शेजारी असला म्हणजे त्याचें जें होतें तेंच येथेंही झालें. १३२७ सालीं येथील राजानें बोहेमियाच्या राजाचें मांडलिकत्व पत्करलें. रक्तानें पोलिश, निष्ठेनें बोहेमियन, आणि पुढें बोहेमियाचा मुकुटच ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग घराण्याकडे गेल्यावर कारभारानें व्हिएन्नेचें, असें हें संस्थान तीन शतकांहून अधिक काळ टिकलें. १६५३ सालीं एलिझाबेथ ल्युक्रेशिया ही शेवटची प्यास्त राजकन्या वारली आणि मग संस्थान सरळ हॅब्सबर्गांच्या हातीं गेलें. वाचकांनीं हें लक्षांत ठेवावें, कारण पुढें विसाव्या शतकांत जेव्हां भांडण पेटलें तेव्हां दोन्ही पक्ष इतिहासाचेच दाखले देत होते. पोलिश म्हणत, येथील राजे आमचे आणि येथील बहुसंख्य लोकांची भाषा आमची. चेक म्हणत, सहाशें वर्षें हा प्रदेश आमच्या मुकुटाखालीं होता. दोघेही आपापल्या परीनें खरेंच बोलत होते.

मध्यंतरीं धर्माचें एक मोठें प्रकरण होऊन गेलें. सोळाव्या शतकांत वेन्सेस्लास आदाम या राजानें ल्यूथरचा पंथ स्वीकारला आणि प्रजेनेंही तो घेतला. हॅब्सबर्ग कट्टर कॅथॉलिक. १६५४ सालीं त्यांनीं या प्रदेशांतील ल्यूथरपंथीयांचीं चर्चें काढून घेतलीं. राजा बदलला म्हणून देव कसा बदलावा असा प्रश्न शेतकऱ्यांपुढें पडला. पुष्कळांनीं उत्तर असें काढलें कीं, डोंगरांतील रानांत, मोठ्या शिळेभोंवतीं लपून जमावें आणि तेथें प्रार्थना करावी. तसल्या शिळा आजही दाखवितात. हें पन्नासाहून अधिक वर्षें चाललें. शेवटीं १७०७ सालीं स्वीडनचा राजा बारावा चार्ल्स यानें ऑस्ट्रियाच्या सम्राटावर दडपण आणून सायलेशियांत सहा ठिकाणीं नवीं चर्चें बांधण्याची परवानगी मिळविली. यांना ‘कृपेचीं चर्चें’ म्हणत. त्यांतील एक चेशिनच्या वाट्यास आलें. हजारों माणसें बसतील असें तें प्रचंड चर्च, आंत एकावर एक सज्जे असलेलें, गांवाबाहेरच्या चढावर उभें राहिलें, आणि १७८१ च्या सहिष्णुतेच्या फर्मानापर्यंत आसपासच्या विस्तीर्ण प्रदेशांतील ल्यूथरपंथीयांना तेवढाच एक आधार होता. डोंगरांतून बायकामुलांसह कोसच्या कोस पायीं चालत लोक रविवारीं तेथें येत. पोलंड हा एवढा कॅथॉलिक देश, परंतु पोलिश बोलणाऱ्या ल्यूथरपंथीयांचें माहेरघर चेशिन आणि त्याच्या भोंवतालचीं गांवें हेंच आहे. सत्ता बदलली तरी घरांतील आचार टिकवून धरण्याची ही संवय पुढें त्या लोकांच्या फार उपयोगी पडली असें आमचें मत आहे.

१७४२ मध्यें प्रशियाच्या फ्रेडरिकनें सायलेशियाचा बहुतेक भाग ऑस्ट्रियाकडून जिंकून घेतला, तेव्हां चेशिनचा मुलूख मात्र मेरिया थेरेसा राणीकडे राहिला. सीमेजवळचें गांव म्हणून १७७९ सालीं याच गांवांत ऑस्ट्रिया व प्रशिया यांचा तह झाला. बव्हेरियाच्या वारसाहक्काबद्दल झालेल्या ज्या लढाईचा हा तह, तींत मोठें रणकंदन असें झालेंच नाहीं; दोन्ही सैन्यें एकमेकांच्या शेतांतील बटाटे खणून खाण्यांत गुंतलीं होतीं, म्हणून लोकांनीं तिला ‘बटाट्यांची लढाई’ असें नांव दिलें. तहावर सही झाली ती १३ मे रोजीं, म्हणजे राणीच्या वाढदिवशीं. राणीनें आपली एक कन्या सॅक्सनीच्या आल्बर्ट नांवाच्या राजपुत्रास दिली होती आणि चेशिनची जहागीर जांवयास दिली होती. व्हिएन्नेंतील ‘आल्बर्टिना’ हा चित्रसंग्रह जगप्रसिद्ध आहे. तो ज्याच्या नांवानें ओळखला जातो तो हाच चेशिनचा ड्यूक आल्बर्ट.

१७८९ च्या आगींत गांवाचा बराच भाग जळाला. आज बाजारचौकाभोंवतीं कमानींखालून जाणारे जे रस्ते आणि जीं सुबक घरें दिसतात तीं बहुधा त्यानंतरचीं. याच गांवीं लेओपोल्द शेर्शनिक नांवाच्या एका विद्वान् धर्मगुरूनें आपला ग्रंथसंग्रह आणि जमविलेल्या जुन्या वस्तु १८०२ सालीं सर्वांस खुल्या केल्या. मध्य युरोपांतील सर्वांत जुन्या सार्वजनिक संग्रहालयांत त्याची गणना होते. पुढें प्रोखास्का घराण्याचा छापखाना निघून त्याचें नांव साऱ्या ऑस्ट्रियांत झालें.

एकोणिसाव्या शतकांत मात्र गांवाचें दैव जमिनीखालून वर आलें. ओल्झेच्या खालच्या अंगास कार्विना व ऑस्ट्राव्हाकडे उत्तम दगडी कोळसा निघाला. वरच्या अंगास त्रिनेत्स येथें १८३९ पासून लोखंडाचा कारखाना सुरू झाला. कोळसा आणि लोखंड यांना जोडणारी आगगाडी आली. बोहुमीनहून चेशिनवरून याब्लुंकोव्हच्या खिंडींतून पार कोशित्सेपर्यंत जाणारा हा लोहमार्ग १८७० च्या आसपास पुरा झाला. टेकडीवरच्या जुन्या गांवांत त्याला जागा नव्हती. म्हणून स्टेशन नदीच्या डाव्या, म्हणजे पश्चिम कांठावर झालें. स्टेशनाच्या ओढीनें कारखाने, गोदामें आणि कामगारांच्या चाळी तिकडेच वाढल्या. त्या वेळीं कोणी याचा विचारही केला नसेल. एकच नगर; देऊळ, बाजार, कचेरी या कांठीं आणि गाडी त्या कांठीं.

या नगरांत भाषा किती होत्या हें सांगितलें म्हणजे गुंता ध्यानांत येईल. अंमलदार, वकील आणि मोठे व्यापारी बहुतेक जर्मन बोलणारे. ज्यू कुटुंबेंही पुष्कळ. भोंवतालच्या खेड्यांतील शेतकरी पोलिश, पश्चिमेकडे चेक. खेडुतांची खरी बोली म्हणाल तर ती पोलिशचीच एक शाखा, परंतु तींत चेक व जर्मन शब्द मुक्तहस्तानें मिसळलेले. ते स्वतः तिला नांव देत नाहींत. ‘आपल्यासारखें’ बोलणें, एवढेंच म्हणतात. तुम्ही पोलिश कीं चेक असें विचारलें तर ‘आम्ही इथले’ असें उत्तर देण्याची पुष्कळांची रीत होती आणि कांहीं अंशीं अद्याप आहे. १८४८ मध्यें पावेल स्तालमाख यानें येथें पोलिश साप्ताहिक काढलें तेव्हांपासून राष्ट्रीयत्वाची जाणीव वाढत गेली. जो तो आपापल्या शाळा, वाचनालयें, मंडळ्या काढूं लागला. तरी १९१० सालीं नवें नाट्यगृह बांधलें गेलें आणि १९११ सालीं स्टेशनापासून पूल ओलांडून बाजाराकडे चढणारी विजेची ट्राम सुरू झाली, तेव्हां त्या ट्राममध्यें सर्व भाषांचे लोक शेजारीं शेजारीं बसत. पहिल्या महायुद्धांत तर ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साऱ्या सैन्याचें मुख्य ठाणें दोन वर्षांहून अधिक काळ चेशिनमध्येंच होतें. एवढ्याशा गांवांतील एका शाळेच्या इमारतींतून लक्षावधि सैनिकांच्या हालचाली ठरत होत्या.

१९१८ च्या ऑक्टोबरांत तें साम्राज्य कोसळलें. आतां वांटणी अटळ झाली. येथें एक गोष्ट मुद्दाम नमूद केली पाहिजे. ५ नोव्हेंबर १९१८ रोजीं स्थानिक पोलिश व चेक मंडळांनीं आपसांत बसून तात्पुरती रेषा ठरविली होती. ज्या खेड्यांत जी भाषा अधिक त्याप्रमाणें तें खेडें त्या बाजूला, असा साधा हिशेब होता. घरच्यांनीं घरांत केलेली ती वांटणी होती. परंतु प्राग येथील नव्या सरकारला ती मानवली नाहीं. कोळसा हवा होता, आणि त्याहूनही अधिक, कोशित्सेचा लोहमार्ग हवा होता. कारण चेक प्रदेशाला स्लोव्हाकियाशीं जोडणारी सोयीची दुसरी गाडी त्या काळीं नव्हती. २३ जानेवारी १९१९ रोजीं चेक सैन्य आंत घुसलें. सात दिवस लढाई होऊन व्हिश्चुलेच्या कांठीं स्कोचुफ गांवापाशीं ती थांबली. जेत्या मोठ्या राष्ट्रांनीं मध्यें पडून सैन्य मागें घ्यावयास लाविलें आणि सार्वमत घेण्याचें ठरविलें. पण दीड वर्ष दंगेधोपे, संप आणि शिवीगाळ चालून सार्वमत घेण्याजोगी स्थितीच राहिली नाहीं. इकडे १९२० च्या उन्हाळ्यांत रशियाचें बोल्शेव्हिक सैन्य वॉर्साच्या रोखानें धांवत येत होतें. पोलंड गळ्यापर्यंत बुडालेला, आणि मदत हवी ती त्याच मोठ्या राष्ट्रांची. अशा वेळीं २८ जुलै १९२० रोजीं राजदूतांच्या परिषदेनें निकाल दिला: सीमा ओल्झा नदी.

निकालानें संस्थानाची निम्म्याहून अधिक भूमि आणि सुमारें दोन-तृतीयांश लोक चेकोस्लोव्हाकियाकडे गेले; कोळशाच्या खाणी, त्रिनेत्सचा कारखाना आणि सबंध लोहमार्ग तिकडेच. चेशिन नगर मधोमध कापलें गेलें. किल्ला, बाजारचौक, नगरभवन, जुनीं चर्चें, नाट्यगृह आणि संग्रहालय पोलंडला मिळालें. स्टेशन आणि बहुतेक कारखाने चेकोस्लोव्हाकियाला. एका हाताला घर गेलें आणि दुसऱ्याला घराची वाट. ट्रामच्या रुळांच्या मधोमध सीमा आल्यावर ती चालणार कशी? १९२१ च्या एप्रिलांत ती बंद झाली आणि पुन्हां कधींही सुरू झाली नाहीं. पश्चिम कांठाला आतां चेस्की त्येशीन, म्हणजे ‘चेक चेशिन’, म्हणूं लागले. त्याला चौक नव्हता, नगरभवन नव्हतें; हें सर्व त्यानें पुढील दहा वर्षांत नव्यानें उभारलें. चमत्कार असा कीं, त्या नव्या अर्ध्या गांवाचा १९२३ पासून १९३८ पर्यंत नगराध्यक्ष होता यूझेफ कोझदोन. हा शिक्षक असलेला गृहस्थ जन्मभर सांगत आला होता कीं, आम्ही पोलिशही नाहीं आणि चेकही नाहीं, आम्ही सायलेशियन आहों, आमचा मुलूख तोडूं नका.

नदीपलीकडच्या त्या प्रदेशास पोलिश लोक ‘ओल्झेपलीकडचा मुलूख’ म्हणत, आणि त्याचें शल्य त्यांच्या मनांत राहिलें. त्याची परिणति १९३८ सालीं झाली. म्युनिकच्या करारानें हिटलर चेकोस्लोव्हाकियाचे लचके तोडीत असतांना, त्याच घटकेस पोलंडनेंही निर्वाणीचा खलिता पाठविला आणि २ ऑक्टोबर रोजीं पोलिश सैन्य चेशिनचा पूल ओलांडून गेलें. पुलावर फुलें उधळलीं गेलीं. आतां चेक अंमलदार व शिक्षक यांच्यावर घरें सोडण्याची पाळी आली. पोलंडचा दावा अगदींच निराधार होता असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु शेजाऱ्याच्या घरीं दरोडा पडलेला असतां आपली जुनी उधारी वसूल करावयास जाणें हें कोणत्याच शास्त्रांत बसत नाहीं. पोलंडचे राष्ट्राध्यक्ष लेख काचिन्स्की यांनींही २००९ सालीं ही चूक, किंबहुना पाप होतें, असें जाहीरपणें बोलून दाखविलें. त्या एकत्र नगराचें आयुष्य अकरा महिने ठरलें. १ सप्टेंबर १९३९ रोजीं, युद्धाच्या पहिल्याच दिवशीं, जर्मन फौज चेशिनमध्यें शिरली. माघार घेणाऱ्या पोलिश सैन्यानें पूल उडवून दिले होते.

पुढील सहा वर्षें नगर पुन्हां एकसंध होतें, पण तें जर्मन राइखमध्यें. सिनेगॉग जाळलें गेलें. ज्यूंपैकीं जे पळूं शकले नाहींत त्यांतील बहुतेकांचा अंत छळछावण्यांत झाला. ‘आम्ही इथले’ म्हणणाऱ्या लोकांना आतां ठराविक याद्यांत नांव घालावयास भाग पाडण्यांत आलें. ज्याचें नांव जर्मन यादींत गेलें त्याच्या मुलास जर्मन सैन्यांत जावें लागे. ज्यानें नकार दिला त्यास छावणीची धास्ती. २० मार्च १९४२ रोजीं येथें चोवीस पोलिश लोकांना हजारोंच्या समक्ष फांशीं देण्यांत आलें. बघावयास लोकांना मुद्दाम आणून उभें केलें होतें. ३ मे १९४५ रोजीं जर्मन गेले आणि सीमा पुन्हां ओल्झेवर आली. यानंतर जर्मन बोलणाऱ्यांना देश सोडावा लागला. दोन्ही देशांतील सीमेचा तह मात्र १९५८ सालीं झाला.

पोलिश लोक म्हटले कीं आपल्या जुन्या पिढीला कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीची आठवण होते. १९४३ पासून १९४८ पर्यंत तेथें सुमारें पांच हजार पोलिश निर्वासित, विशेषतः बायका व मुलें, राहत होतीं. तीं सारीं पोलंडच्या दुसऱ्या, म्हणजे पूर्व कडेचीं. त्या कडेची सीमा महायुद्धानें इतकी सरकविली कीं त्यांचीं गांवेंच पोलंडबाहेर गेलीं. त्या मानानें चेशिनकर भाग्यवान् म्हटले पाहिजेत. त्यांना निदान आपलें दुसरें घर पुलावरून दिसत तरी होतें.

दिसत होतें, पण तेथें जातां येत नव्हतें. दोन्ही राज्यें साम्यवादी, दोघेही रशियाचे अंकित, तरी पुलावर पहारा आणि कागदपत्रांची तपासणी कायम राहिली. नदीपलीकडच्या पोलिश लोकांनीं आपल्या शाळा आणि मंडळ्या चालू ठेविल्या. चेस्की त्येशीनच्या नाट्यगृहांत १९५१ पासून चेक व पोलिश अशा दोन स्वतंत्र नाटकमंडळ्या एकाच छपराखालीं खेळ करीत आल्या आहेत. ही व्यवस्था आम्हांस फार आवडली. अलीकडच्या कांठावर, ओल्झेचेंच नांव घेतलेल्या कारखान्यांत १९५५ पासून ‘प्रिन्स पोलो’ नांवाची चॉकलेट लावलेली कुरकुरीत वडी तयार होऊं लागली. तिची गोडी पोलंडपुरतीच न राहतां दूर आइसलंड बेटांत इतकी लागली कीं, तेथील लोक ती आपलीच समजतात.

१९८९ नंतर दोन्हीकडचे साम्यवादी अंमल गेले. १ मे २००४ रोजीं दोन्ही देश युरोपीय संघांत आले, आणि २१ डिसेंबर २००७ पासून शेंगेन करारानें पुलावरची तपासणी बंद झाली. सत्त्याऐंशीं वर्षांनीं माणूस बाजारांतून स्टेशनावर कोणासही न विचारतां जाऊं लागला. आज पोलिश चेशिनची वस्ती तीस-पस्तीस हजारांच्या घरांत आहे आणि चेक कांठावर सुमारें चोवीस हजार लोक राहतात. अलीकडचे शेंकडों लोक त्रिनेत्सच्या कारखान्यांत कामाला जातात; पलीकडचे या बाजूला बाजारहाट करावयास येतात. चलन मात्र अद्याप दोन आहेत, झ्लोटी व क्रोना, आणि दुकानदार दोन्हींचे हिशेब तोंडीं करतात.

मार्च २०२० मध्यें कोरोनाच्या सांथीमुळें पूल एका रात्रींत पुन्हां बंद झाले. नवरा एका कांठीं आणि बायको दुसऱ्या कांठीं, मूल शाळेच्या गांवीं आणि आजी नदीपलीकडे, असे प्रसंग झाले. कामगारांनीं पुलावर जमून, आम्हांला कामावर जाऊं द्या आणि घरींही येऊं द्या, अशी मागणी केली. त्याच दिवसांत पोलिश कांठावर एक मोठा फलक लागला: ‘चेका, तुझी आठवण येते.’ थोड्याच दिवसांत पलीकडून उत्तराचा फलक आला: ‘मलाही तुझी, पोलिश भावा.’ ज्यांच्या आजोबांनीं शंभर वर्षांपूर्वीं याच पाण्यावरून एकमेकांवर बंदुका रोखल्या होत्या त्यांचीं हीं नातवंडें. जूनमध्यें सीमा उघडली.

प्रवासास जाणाऱ्याला आम्ही एप्रिलअखेर सुचवूं. त्या सुमारास चेशिनच्या बागांतून मॅग्नोलियाचीं झाडें फुलतात. टपोऱ्या पांढऱ्या-गुलाबी फुलांसाठीं हें गांव प्रसिद्ध आहे. १९९९ पासून त्याच दिवसांत येथें ‘सीमेवरील सिनेमा’ नांवाचा चित्रपटमहोत्सव भरतो. खेळ दोन्ही कांठांवरच्या चित्रपटगृहांत असतात, म्हणून एक चित्रपट पोलंडांत पाहून पुढच्यासाठीं प्रेक्षक पूल ओलांडून चेक कांठावर जातात आणि संध्याकाळीं परत येतात.